परदेशातला गुरुद्वारा: मर्यादा, लंगर, कायदा आणि पुढची पिढी

गोदाकाठ

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाची शिखांशी ओळख बहुतेक वेळा लंगराच्या ताटापाशी होते आणि तिथेच थांबते. वर दरबार हॉलमध्ये काय चालतं, का चालतं, हे ठाऊक नसतं. आपल्याला ही अनोळख शोभत नाही. दहावे गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला गोदावरीकाठी ज्योतीजोत विलीन झाले. आपल्या नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि जगभरच्या गुरुद्वारांत ती रोज कुठे ना कुठे गायली जातात. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सव्वापाच लाखांच्या आसपास आणि कॅनडात ७,७१,७९० शीख नोंदले गेले. इतका मोठा समाज इतक्या थंड, इतक्या वेगळ्या देशांत आपली मर्यादा, म्हणजे धर्माची आचारपद्धती, कशी सांभाळतो, यावर माहितगारांनी लिहावं म्हणून हा धागा. कौतुक आपोआप होईल, तपशील हवेत.

सुरुवात मी रोजच्या क्रमापासून करतो.

पहाटे गुरू ग्रंथ साहिबांचं सरूप, म्हणजे ग्रंथाची प्रत, रात्रीच्या विश्रांतीच्या खोलीतून डोक्यावर घेऊन दरबारात आणतात. पुढे एकजण पाणी शिंपडत चालतो, मागे चौर (चवरी) ढाळणारा. मंजीवर, म्हणजे ग्रंथाच्या आसनावर, प्रकाश होतो, म्हणजे ग्रंथ उघडला जातो, आणि हुकमनामा, म्हणजे त्या दिवसाचं वचन, घेतला जातो. संध्याकाळी रहिरासचा पाठ, नंतर रात्रीचा कीर्तन सोहिला आणि सुखआसन, म्हणजे ग्रंथ विश्रांतीला नेणं. पंजाबात रहिरास सूर्यास्ताला धरून होते. लंडनमध्ये जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो आणि डिसेंबरात चारच्या आधी. डिसेंबरात चारला संगत, म्हणजे जमणारी मंडळी, येणार कुठून? म्हणून बहुतेक ठिकाणी रहिरासची वेळ घड्याळाने बांधलेली असते, सहा किंवा साडेसहा, वर्षभर तीच. गुरपुरब, म्हणजे गुरूंच्या स्मरणाचा सण, मधल्या वारी आला तर त्या दिवशी छोटा दिवाण (सभा) आणि मोठा समागम रविवारी.

अखंड पाठाचं, म्हणजे सगळा ग्रंथ न थांबता वाचण्याचं, गणित बारकाईने बघण्यासारखं आहे. सरूपाची १४३० अंगं, म्हणजे पानं, ४८ तासांत पूर्ण करायची. तासाला साधारण ३० अंगं, दोन तासांच्या पाळीत ६०, एकूण २४ पाळ्या. शुक्रवारी सकाळी १० ला सुरू केला तर रविवारी सकाळी १० ला भोग (पाठाची समाप्ती), म्हणजे रविवारच्या दिवाणाशी जुळतो. शनिवारी सकाळी १० ला पाठ ७१५ व्या अंगाच्या आसपास हवा. मागे असेल तर शेवटच्या रात्री वाचणारे घाई करतात आणि शब्द कानावर न पडता नुसते धावतात. पाळी बदलताना पुढचा पाठी (वाचणारा) आधी शेजारी बसतो, चालू ओळीत आवाज मिसळतो, मगच पहिला उठतो. बिघडतं ते रात्री दोन ते पहाटे सहाच्या पाळ्यांत. बर्फ पडला, गाडी निघाली नाही, तर आधीच्या पाठीला चार-चार तास बसावं लागतं. म्हणून त्या वेळेसाठी गुरुद्वाराच्या दोन-तीन मैलांत राहणारे राखीव पाठी नावानिशी लिहून ठेवायला हवेत.

१९४५ ची सिख रहत मर्यादा, म्हणजे शिखांची आचारसंहिता, सांगते की पाठ घरच्यांनी, आप्तांनी, संगतीने मिळून करावा. स्वतः वाचता येत नसेल तर निदान बसून ऐकावा. परदेशात पैसे भरून पाठ 'बुक' करायचा आणि थेट भोगाला यायचं, हे फार वाढलंय. हे मला मनापासून खटकतं. ज्यांना ४८ तास झेपत नाहीत त्यांच्यासाठी सहज पाठ आहे, त्याला मुदतच नाही. रोज १० अंगं वाचली तर १४३ दिवसांत पूर्ण होतो.

पातेलं

चांगला धागा. लंगराच्या स्वयंपाकघराबद्दल मी लिहिते. आकडे ब्रिटनमधल्या मध्यम गुरुद्वाराच्या रविवारचे, ५०० माणसांचे.

डाळ माणशी ५०-६० ग्रॅम कोरडी, म्हणजे २५ ते ३० किलो. पीठ ५० किलो. त्याला पाणी ३० लिटरच्या आसपास लागतं आणि ३५ ग्रॅम पिठाची एक धरली तर चौदाशे रोट्या होतात, माणशी जेमतेम तीन. तांदूळ २० किलो, कारण पोळी असताना भात कमीच जातो. भाजी चिरण्याआधी ५० किलो. खीर असेल तर दूध ६० लिटर, तांदूळ ४ ते ५ किलो. बटाटा-फ्लॉवर शनिवारी रात्रीच चिरून ठेवतात. बटाटा पाण्यात, फ्लॉवर कोरडा. फ्लॉवर भिजवून ठेवला तर सकाळी वास मारतो.

नवीन सेवेकऱ्यांची चूक ठरलेली: सगळी डाळ एकाच अवाढव्य पातेल्यात. खालून लागते, वरून कच्ची राहते आणि उरली तर निवत नाही. पातेल्याच्या मधल्या भागात पाच-सहा तासांनीही ती कोमट असते, जिवाणू वाढायला लागतं नेमकं तेवढंच. दोन पातेली करावीत, दुसरं गर्दी बघून चढवावं. ब्रिटनमध्ये गरम अन्न ६३ अंश सेल्सियसच्या वर ठेवायचं असतं. वाढताना त्याखाली गेलं तर एकदाच, दोन तासांपर्यंत चालतं. उरलेलं दोन-तीन इंच खोलीच्या पसरट ट्रेंमध्ये ओतून दीड-दोन तासांत निववायचं आणि ८ अंशांखाली न्यायचं. भात उरवूच नये. उकळूनही भातातले काही बीजाणू मरत नाहीत आणि कोमट भातात ते विष सोडतात; परत गरम करून ते विष जात नाही.

राजम्याचंही तसंच. रात्रभर भिजवून ते पाणी फेकायचं, ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं खदखदून उकळायचं, मगच आच मंद करायची. सुरुवातीपासून मंद आचेवर ठेवलेला राजमा मऊ दिसतो आणि शेकड्याने लोकांना उलट्या होतात.

लंगर फुकट असला तरी नियमित चालणारं स्वयंपाकघर म्हणून स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते, तपासणीस येतात, स्वच्छतेचे गुण मिळतात. १४ ॲलर्जी-पदार्थांचा तक्ता लागतो. त्यात गहू आणि दूध सगळ्यांना आठवतात, मोहरी विसरली जाते. सरसोंचं साग मोहरीतच मोडतं. आणि बाजारातल्या बऱ्याच हिंगांत गव्हाचं पीठ असतं, म्हणून 'डाळीत गहू नाही' असं डबी वाचल्याशिवाय सांगू नये.

लोक प्रेमाने केक, बिस्किटं, मिठाई आणून देतात. लंगरात मांस, मासे, अंडं चालत नाही, त्यामुळे अंड्याचा केक परत करावा लागतो आणि देणाऱ्याचं मन दुखावतं. जिलेटिनची जेली आणि प्राण्यांच्या रेनेटचं चीजही तसंच. दाराशीच मोठ्या अक्षरांत पाटी लावली की हा प्रसंग टळतो.

आता कडाह प्रसाद, दरबारात सगळ्यांना वाटला जाणारा गोड प्रसाद. कणीक, तूप, साखर समभाग वजनाने. पाणी तिप्पट ते चौपट. ५ किलोच्या प्रमाणात १५ लिटर पाणी घेतलं तर माणशी ५० ग्रॅमने पाचशेहून थोड्या जास्त जणांना पुरतो. साखरेचं पाणी वेगळ्या भांड्यात उकळत ठेवायचं. तुपात कणीक मध्यम आचेवर भाजायची. आधी ती घट्ट होते, मग सैल पडते, तूप सुटायला लागतं आणि रंग बदामी होतो. तेव्हा उकळतं पाणी धारेने, एकाने ओतायचं आणि दुसऱ्याने लांब दांड्याच्या खुरप्याने हलवायचं. गार पाणी घातलं की गुठळ्या, आणि उडणाऱ्या तुपाने हात भाजतात. परदेशात चपातीचं पीठ फार बारीक मिळतं, त्याचा प्रसाद चिकट होतो. जाडसर कणीक मागवावी, नाहीतर चौथाई रवा मिसळणारेही आहेत. मला रवा पटत नाही, चव शिऱ्याकडे झुकते. करताना जपजी साहिबचा पाठ चालू असतो. अरदास (प्रार्थना) झाल्यावर किरपाण भेट होते, म्हणजे प्रसादाला किरपाण (शिखांची छोटी तलवार) लावली जाते, पंज प्याऱ्यांचे (पहिल्या पाच खालशांचे) पाच वाटे आधी निघतात, मग सगळ्यांना सारखा.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: तूप मोरीत जाऊ देऊ नका. थंड देशात नळीत ते दगडासारखं गोठतं, गटार तुंबतं, शेजारी तक्रार करतात आणि दुरुस्तीचं बिल हजारांत येतं. पातेली आधी कागदाने पुसायची, मग धुवायची. ग्रीस ट्रॅप, म्हणजे तूप-तेल अडवणारी पेटी, ठरलेल्या दिवशी उपसायचा आणि तारीख वहीत मांडायची.

गोदाकाठ

@पातेलं, अप्रतिम. रोटीच्या यंत्राबद्दल तुमचं मत काय? काही जुने लोक म्हणतात की यंत्राने सेवा संपते.

पातेलं

यंत्र तासाला हजाराच्या आसपास रोट्या काढतं, त्यामुळे वैसाखीला पर्याय नसतो. पण त्याला पीठ घट्ट लागतं. हाताच्या रोटीसारखं सैल मळलं तर गोळे पट्ट्याला चिकटतात आणि सगळं थांबवून खरवडावं लागतं. ती रोटी लवकर वातड होते, म्हणून लगेच तूप लावून कापडात गुंडाळायची. माझं मत: रविवारी यंत्र, आठवड्याच्या दिवसांत तवा. लहान मुलांना बसायला जागा तव्यापाशीच असते. यंत्रापाशी १६ वर्षांखालच्या कुणाला उभं करू नये, विम्याचाही प्रश्न येतो.

फ्रेझरकाठ

कॅनडाची बाजू मांडतो. इथली गोष्ट ब्रिटनपेक्षा जुनी आणि जास्त कडवट आहे. व्हँकुव्हरची खालसा दिवाण सोसायटी १९०६ ची, तिचा पहिला गुरुद्वारा १९०८ चा. ॲबट्सफर्डचा लाकडी गुरुद्वारा १९११ चा; गिरणीत काम करणाऱ्या शिखांनी गिरणीमालकाने दिलेलं लाकूड पाठीवर वाहून टेकडीवर नेलं आणि बांधला. २००२ मध्ये तो राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरला. हे गुरुद्वारे नुसती प्रार्थनास्थळं नव्हती. काम शोधणाऱ्याला पथारी, आजाऱ्याला जेवण, खटल्याला वर्गणी इथूनच मिळायची.

१९०८ च्या नियमाने मायदेशाहून थेट, न थांबता प्रवास करणाऱ्यालाच कॅनडात प्रवेश होता. भारतातून अशी थेट बोटच जात नव्हती. १९१४ मध्ये कोमागाता मारू ३७६ प्रवासी घेऊन आली. दोन महिने बंदरात अडकवून, मोजक्यांना सोडून बाकीच्यांना परत पाठवलं. त्या वेळी किनाऱ्यावरच्या समितीने पैसे उभे केले ते याच गुरुद्वारातून. अमेरिकेत स्टॉक्टनचा गुरुद्वारा १९१२ चा, गदर या ब्रिटिशांविरुद्धच्या क्रांतिकारी चळवळीचा मोठा आधार. तिथे आपली माणसं आहेत: वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदरच्या उभारणीत होते, आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर फासावर गेले. कॅनडा-अमेरिकेतल्या गुरुद्वारांत सराभांचं चित्र दिसलं तर मराठी माणसाने शेजारी पिंगळे शोधावेत. 

आता सगळ्यात जास्त भांडणं ज्यावरून झाली तो विषय: टेबल-खुर्च्या. इथे काही गुरुद्वारांत अनेक दशकं लंगर टेबलावर चालला. १९९८ मध्ये अकाल तख्ताने, म्हणजे अमृतसरच्या शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने, हुकूम काढला की लंगर पंगतीत, जमिनीवर बसूनच. ब्रिटिश कोलंबियात त्यावरून आधीपासूनच मारामाऱ्या, कोर्टकज्जे चालू होते. हुकुमानंतर गुरुद्वारे 'खुर्चीवाले' आणि 'तप्पडवाले' (जमिनीवर बसणारे) असे फुटले.

खुर्चीवाल्यांची बाजूही ऐकायला हवी. शून्याखाली वीस अंशांत, बर्फाच्या बुटांतून आलेला सत्तर वर्षांचा गिरणीकामगार, गुडघे गेलेले. पण पंगतीचं तत्त्व मला मोठं वाटतं: अकबरालाही गुरू अमरदासांना भेटण्याआधी पंगतीत बसावं लागलं, अशी परंपरा सांगते. तोडगा बांधकामातच आहे. जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या, वर जाड गालिचा, आणि भिंतीलगत कमी उंचीची, दीड फुटांची बाकं, फक्त वृद्ध आणि अपंगांसाठी. बाकं वेगळ्या खोलीत ठेवली की पंगत तुटते. त्याच खोलीत, त्याच रांगेच्या टोकाला हवीत.

नवखा_बर्मिंगहॅम

वाचतोय, फार माहिती मिळते आहे. माझा प्रश्न पगडी आणि किरपाणीबद्दल. ऑफिसात एक शीख सहकारी आहेत. इथे कायद्याने काय चालतं? थेट विचारायला संकोच वाटतो.

सनदशीर

@नवखा_बर्मिंगहॅम, आदराने विचारलंत तर त्यांना बरंच वाटेल. ब्रिटनपुरतं लिहितो.

पगडीची लढाई बसपासून सुरू झाली. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये बसचालकांना पगडी-दाढीची बंदी होती, ती दोन वर्षांच्या आंदोलनानंतर १९६९ मध्ये उठली. १९७६ च्या कायद्याने पगडी बांधलेल्या शिखाला मोटरसायकलवर हेल्मेटातून सूट मिळाली. १९८३ मध्ये मंडला खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की शीख हा वंशभेद-विरोधी कायद्याच्या अर्थाने एक वांशिक समूह आहे. बर्मिंगहॅमच्या एका खासगी शाळेने पगडीमुळे मुलाला प्रवेश नाकारला होता. १९८९ ला बांधकामाच्या जागी सूट आली. तिच्यात गंमतशीर फट राहिली: बांधकामावर सूट, पण शेजारच्या गोदामात नाही. ती २०१५ मध्ये बुजवली आणि आता जवळपास सगळ्या कामांच्या जागी सूट आहे. आग विझवायला जळत्या इमारतीत शिरणं, सैन्यातली काही कामं, एवढे अपवाद.

पण एक कलम पगडीधारी कामगारांनी नीट वाचावं. हेल्मेट न घातल्याने डोक्याला जी जास्तीची इजा होईल तिची भरपाई मालकाकडून मिळत नाही. हेल्मेट असतं तरी जेवढी झाली असती तेवढ्याचीच मिळते. सूट घेताना ही जोखीम आपली.

किरपाणीला १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्यात धार्मिक कारणाचा बचाव आहे, त्यामुळे सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगणं गुन्हा नाही. विमानाच्या केबिनमध्ये मात्र ब्रिटनमधून नेता येत नाही, सामानात टाकावी लागते. कॅनडाने २०१७ पासून ६ सेंटीमीटरपर्यंतच्या पात्याला केबिनमध्ये मुभा दिली, अमेरिकेला जाणारी विमानं सोडून. भारतात देशांतर्गत उड्डाणांत पातं ६ इंच आणि एकूण लांबी ९ इंचांपर्यंत. तीन देश, तीन नियम. तिकिटावर विमान बदलायचं असेल तर सगळ्यात कडक नियम धरून चालावं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मुलतानी खटल्यात शाळेतली सरसकट बंदी रद्द केली. त्या मुलासाठी ठरलेल्या अटी इतर शाळांनाही उपयोगी आहेत: लाकडी म्यान, जाड कापडात शिवलेली, कपड्यांच्या आत.

लग्नाबद्दल, कारण याच चुकीचे परिणाम सगळ्यात वाईट होतात. चार लावां (फेरे) झाल्या, आनंद कारज (शीख विवाहविधी) झालं, तरी इंग्लंडमध्ये तेवढ्याने कायदेशीर लग्न होत नाही. ती इमारत लग्नासाठी नोंदलेली हवी, अधिकृत व्यक्ती हजर हवी, दोघांनी आधी रजिस्ट्रार कार्यालयात नोटीस देऊन २८ दिवस थांबायला हवं. २०२१ पासून विवाह-पत्रक मिळतं. त्यावर दोघं, दोन साक्षीदार आणि अधिकृत व्यक्ती सह्या करतात आणि ते २१ दिवसांत कार्यालयात परत द्यायचं. सह्या झालेला कागद लग्नाच्या गडबडीत कुणाच्या तरी पिशवीत राहतो, हे नेहमीचं. एका माणसाला ते एकच काम द्यावं.

शुश्रूषा

रुग्णालयात काम करणाऱ्यांसाठी दाढीचा मुद्दा जोडते. तोंडाला घट्ट बसणारा मास्क दाढीवर नीट बसत नाही; केसांतून हवा गळते आणि चाचणीत माणूस नापास होतो. कोविडच्या काळात कित्येक शीख डॉक्टर आणि दंतवैद्यांना यामुळे पुढच्या फळीतून बाजूला व्हावं लागलं. उपाय परंपरेतूनच निघाला. दाढी बांधायच्या ठाठ्याची कल्पना घेऊन ब्रिटनमधल्या शीख वैद्यकांनी 'सिंग ठाठा' पद्धत मांडली: व्यायामाचा रुंद रबरी पट्टा हनुवटीखालून घेऊन दाढी पूर्ण झाकायची, डोक्यावर गाठ मारायची आणि त्या गुळगुळीत पृष्ठभागावर मास्क लावायचा. २०२२ मध्ये याबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पट्टा सुरकुतला की गळती होते, म्हणून कानाजवळ तो नीट ताणलेला आहे का हे आरशात बघायचं. प्रत्येकाची चाचणी स्वतंत्र घ्यावीच लागते, आणि रबराची ॲलर्जी असेल तर लेटेक्स नसलेला पट्टा.

पंचक्रोशी

सगळं छान चाललंय, पण एक प्रश्न टाळला जातोय. पंगत एक आहे तर गुरुद्वारांच्या पाट्यांवर जातींची नावं का? रामगढिया, भाटरा, रविदासिया. आपण ज्या महाराष्ट्रातून आलो तिथे हे विचारलंच पाहिजे.

गोदाकाठ

@पंचक्रोशी, रास्त प्रश्न. ब्रिटनमध्ये आधी आलेले भाटरा, फेरीवाले, बंदरांच्या गावांत स्थिरावले. मग पंजाबातून जाट शेतकरी कारखान्यांत आले. साठ-सत्तरच्या दशकांत पूर्व आफ्रिकेतून रामगढिया आले, रेल्वेवरचे सुतार-लोहार कारागीर, हातात कसब आणि संस्था चालवायचा अनुभव घेऊन. प्रत्येकाने आपापल्या ओळखीतून वर्गणी काढली, म्हणून गुरुद्वारे वेगळे झाले. हे कारण आहे, समर्थन नाही. गुरूंची शिकवण स्वच्छ आहे आणि लग्नं जुळवताना तीच बाजूला पडते. रविदासियांचं, म्हणजे संत रविदासांच्या अनुयायांचं, दुखणं आणखी खोल होतं. मे २००९ मध्ये व्हिएन्नात त्यांच्या सभेवर हल्ला झाला, संत रामानंद मारले गेले, आणि २०१० मध्ये काही रविदासिया डेऱ्यांनी स्वतंत्र धर्म आणि 'अमृतबाणी' जाहीर केली. रविदासांची ४० पदं गुरू ग्रंथ साहिबात असताना त्यांच्या लोकांना दूर जावंसं वाटलं, याचं उत्तर परदेशातल्या समित्यांनी आपल्या सभासद-नोंदवहीत शोधावं.

निवडणुकांची भांडणंही त्याच वहीतून उगवतात. सभासद कोण, वर्गणी कधीपर्यंत भरलेली, पत्ता कुठल्या भागातला, हे निवडणुकीच्या सहा महिने आधी गोठवलं नाही की दोन्ही गट बसगाड्या भरून नावं आणतात आणि गोलकीचा (दानपेटीचा) पैसा वकिलांकडे जातो.

सनदशीर

गोलकीवरून: दोन नातं नसलेल्या माणसांनी मिळून मोजायची, त्याच दिवशी पावती, दुसऱ्या दिवशी बँक. नोंदलेल्या धर्मादाय संस्थेला करदात्याच्या प्रत्येक पौंडावर सरकारकडून २५ पेन्स मिळतात, त्यासाठी त्याचा सही केलेला फॉर्म लागतो. गोलकीत पडणाऱ्या निनावी नाण्या-नोटांसाठीही योजना आहे: ३० पौंडांपर्यंतच्या छोट्या देणग्यांच्या वर्षाला ८,००० पौंडांवर दावा करता येतो, म्हणजे २,००० पौंड. पण त्याच वर्षात निदान ८०० पौंडांच्या फॉर्मवाल्या देणग्या असाव्या लागतात. कित्येक छोटे गुरुद्वारे हा दावा करतच नाहीत. एवढ्यात पंजाबी शाळेचं वर्षभराचं भाडं निघतं.

अक्षरओळख

पंजाबी शाळा म्हणालात म्हणून. इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. लंगर, पगडी, कायदा यांत समाजाने फार मोठं काम केलंय. मुलं मात्र दरबारात बसतात आणि कानावर पडणारं त्यांना कळत नाही.

रविवारच्या शाळेत पैंतीस अक्षरांपासून सुरुवात होते; वर्षभरात बरीच मुलं गुरमुखी वाचायला लागतात. मग ती सोळाव्या वर्षाची पंजाबी परीक्षा देतात, गुण मिळवतात. पण परीक्षेतली पंजाबी बाजारहाट, सुट्टी, कुटुंब यांची. बाणीची, म्हणजे ग्रंथातल्या पदांची, भाषा वेगळी: जुनी पंजाबी, ब्रज, फारसी शब्द, आणि नामदेवांच्या पदांत तर मराठीच्या खुणा. त्यामुळे वाचता येणारं मूलही अर्थाशी अडखळतं. काही शाळांनी तीन आठवड्यांना एक शबद (ग्रंथातलं पद) ही पद्धत धरली आहे: पहिल्या रविवारी अर्थ, दुसऱ्या रविवारी राग आणि चाल, तिसऱ्या रविवारी तोच शबद दरबारात मुलांनी गायचा. वर्षाला पंधरा-सोळा शबद होतात, पण ते आयुष्यभर राहतात. मला हाच मार्ग योग्य वाटतो.

पडद्याने मदत झाली आहे. 'सिखी टू द मॅक्स'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये ओळीतल्या शब्दांची पहिली अक्षरं टाकली की शबद सापडतो आणि इंग्रजी अर्थासह पडद्यावर येतो. चालवणाऱ्याला कीर्तनाची जाण हवी, कारण रागी (कीर्तन गाणारा) स्थायीकडे परततो तेव्हा पडदाही परतला पाहिजे. नाहीतर संगत एक वाचते आणि दुसरं ऐकते. पडदा मंजीच्या बाजूला, खाली. वर किंवा मागे लावला तर नजर गुरू ग्रंथ साहिबांवरून उडते.

फ्रेझरकाठ

@अक्षरओळख, शंभर टक्के सहमत. एक भर: ग्रंथी (ग्रंथाचं वाचन आणि सेवा करणारे) बहुधा पंजाबातून येतात, मुलांशी इंग्रजीत बोलता येत नाही. कथा (प्रवचन) पंजाबीत तासभर आणि मुलं फोनवर. इथे वाढलेल्या कथाकाराला महिन्यातून दोन रविवार वीस मिनिटं इंग्रजीत द्यावीत. वयस्कर मंडळी आधी नाराज होतात, मग नातवंडं पुढे बसलेली बघून तीच वेळ मागून घेतात.

नवखा_बर्मिंगहॅम

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न. आमच्या मराठी मंडळाला कार्तिकात नामदेव जयंतीच्या सुमारास गुरुद्वारात लंगरसेवा करायची इच्छा आहे. कशी करतात? आपला एखादा पदार्थ देता येईल का?

पातेलं

@नवखा_बर्मिंगहॅम, फार चांगला विचार. घुमानला, जिथे नामदेव राहिले, तिथे २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलनही झालं होतं. जयंतीला इथल्या गुरुद्वारात गेलात तर त्यांना फार आनंद होईल.

आधी ऑफिसात जाऊन सेवेची वही बघा. कार्तिकातच गुरू नानकांचं गुरपुरब येतं, तो आठवडा वर्षभर आधी भरलेला असतो. नामदेव जयंतीची एकादशी आणि गुरपुरबाची पौर्णिमा चार-पाच दिवसांच्याच अंतरावर असतात, म्हणून त्याआधीचा एखादा वार मागा. रविवार मागू नका, पहिल्या वेळेला बुधवार-गुरुवार संध्याकाळ बरी, १५० माणसं धरा. रक्कम द्यायची की सामान, हे लांगरींना (लंगरच्या स्वयंपाक्यांना) विचारा. बहुतेक ठिकाणी सामान त्यांच्या ठरलेल्या घाऊक दुकानातूनच येतं, आणि घरी शिजवलेलं अन्न घेत नाहीत, कारण त्या स्वयंपाकघराची तपासणी झालेली नसते. त्यामुळे पदार्थ तिथेच शिजवायचा.

पुरणपोळी नको. १५० माणसांना ३०० पोळ्या लाटायला तुमच्याकडे तेवढे हात नसतील आणि तवा रोट्यांना हवा असतो. मसालेभात करा: तांदूळ १२ किलो, तोंडली किंवा मटार ५ किलो, तेल-तूप मिळून दीड किलो, गोडा मसाला ३०० ग्रॅम. काजू घालू नका, हिंगाची डबी वाचा, गोड्या मसाल्यातल्या तिळाची नोंद तक्त्यात करा, मोहरीचीही. बाकी डाळ-रोटी त्यांच्याच पद्धतीने होऊ द्या.

दुपारी दोनला आठ-दहा जण पोचा. डोकं झाकलेलं, बूट बाहेर, हात कोपरापर्यंत धुतलेले, अंगठ्या काढलेल्या. सिगारेट, तंबाखू, गुटखा गाडीतही आणू नका. आधी वर जाऊन मत्था टेका, मग खाली कामाला लागा. अन्न तयार झालं की सगळ्यातला थोडा भाग वेगळा काढून अरदास होते, त्याआधी कुणी चव बघायची नाही. मीठ मापूनच घालावं लागतं. १२ किलो तांदळाला ३०० ग्रॅम मीठ पुरतं. वाढताना रोटी दोन्ही हातांच्या ओंजळीत ठेवायची, ताटात टाकायची नाही. आणि निम्मे लोक भांडी घासायला राखून ठेवा, तिथे माणसं नेहमी कमी पडतात.

अक्षरओळख

@नवखा_बर्मिंगहॅम, त्या दिवशीच्या रागी जथ्याला आठवडाभर आधी निरोप द्या की नामदेवांचा शबद घ्यावा. मंडळातली मुलं अभंग गाणार असतील तर तो दरबारात नको. दरबारात कीर्तन फक्त गुरबाणीचं आणि भाई गुरदास, भाई नंदलाल या शीख कवींच्या रचनांचं होतं. मुलांनी गुरू ग्रंथ साहिबातलाच नामदेवांचा एखादा शबद बसवावा. तो देवनागरीत लिहून मिळतो, दोन कडव्यांचा घ्या, आणि निदान तीन आठवडे सराव करा.